चौकशीसाहेबांनी नाकारलेल्या लिंका

ऑफिसात त्यांना सगळे चौकशीसाहेब म्हणत. साहेब ते कुणाचेच नव्हते. हाताखाली एक माणूस नाही, डोक्यावर मात्र दोघं. पण कुणी वाढदिवसाचा केक पुढे केला तरी "आज अचानक कसा काय?" असं विचारल्याशिवाय तुकडा उचलायचा नाही, हा त्यांचा बाणा. दुधाच्या पिशवीवरची तारीख ते दुकानातही वाचत आणि घरी आल्यावर पुन्हा वाचत, मधल्या वाटेत ती बदलली असेल की काय कोण जाणे. त्यांची बायको लायब्ररीत कामाला होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मी लग्नाला हो म्हणाले ना, तेव्हा सुद्धा यांनी विचारलं होतं, का म्हणून?"

आता असा माणूस दुसऱ्या कुठल्या धंद्यात उपाशी मेला असता. चौकशीसाहेबांचं नशीब असं, की त्यांना नेमका संशय घेण्याचाच पगार मिळत होता.

त्यांची कंपनी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, त्यात सहा टेबलं आणि कायम करकरणारा एक पंखा. लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायच्या, हा कंपनीचा उद्योग. त्यातलं साहेबांकडे एकच काम होतं. गिऱ्हाइकाच्या साइटकडे बाहेरून कुठून कुठून लिंका येतात ते बघायचं, आणि त्यातल्या कुठल्या खऱ्या, कुठल्या खोट्या ते ठरवायचं.

गंमत अशी आहे, की एका साइटने दुसऱ्या साइटची लिंक दिली की सर्च इंजिन तिला शिफारस समजतं. अमक्याने तमक्याचं नाव सांगितलं, म्हणजे तमक्यात काहीतरी असणार. इथपर्यंत ठीक. पण शिफारशीला किंमत आली म्हटल्यावर माणसं गप्प बसतील होय? कुणी लिंका विकत घेतो, कुणी "तू माझी दे, मी तुझी देतो" करतो, कुणी रिकाम्या, बिनमाणसांच्या साइटी उभ्या करून त्यांच्यावरून स्वतःचंच कौतुक करून घेतो. सर्च इंजिनही काही दुधखुळं नाही. त्याला अशी लबाडी दिसली की ते त्या साइटला पार तळाला ढकलून देतं, मग बसा बोंबलत.

साहेबांना लिंका नुसत्या वासावरून ओळखू यायच्या. लेखाच्या मध्यावर, ओघात आलेली लिंक सगळ्यात वजनदार, कारण लिहिणाऱ्याला मुद्दाम थांबून ती द्यावीशी वाटलेली असते. पानाच्या तळाशी डकवलेली, प्रत्येक पानावर तीच ती दिसणारी लिंक हलकी; ती भिंतीवरच्या जाहिरातीत जमा. स्वतःच्याच साइटच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंका घरातल्या दारांसारख्या. त्या हव्यातच, नाहीतर पाहुणा बाहेरच्या खोलीत अडकून पडतो, पण घरातल्या घरात केलेली स्तुती बाहेर कुणी मोजत नाही. आणि काही लिंका मेलेल्या. पत्ता बरोबर, घर पाडलेलं.

पण त्यांची सगळ्यात लाडकी परीक्षा वेगळीच होती. ज्या शब्दांवर बोट ठेवलं की लिंक उघडते, ते शब्द ते बघत. खरी माणसं कशीही लिहितात. कुणी लिहितो "हे दुकान", कुणी "इथे बघा", कुणी दुकानाचं नाव चुकवतो. विकतच्या लिंकांचे शब्द मात्र अक्षर न् अक्षर सारखे, कारण पैसे देणारा ते सांगून लिहून घेतो. "शब्द सारखे, तर हात एकच," असं साहेब टेबलावर टिचकी मारत म्हणायचे. ऑफिसातल्या नव्या मुलींना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

साहेबांना एक मोठी बहीण होती. ताई बूट बनवायची. साधे नाहीत, ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जुळत नाहीत अशा माणसांचे. एक पाय आखूड, एकाची टाच आत वळलेली, एकाचा चवडा अपघातानंतर रुंद झालेला. टायरच्या दुकानामागच्या गल्लीत तिचं वर्कशॉप होतं. आत शिरलं की चामड्याचा आणि डिंकाचा वास, खिडकीपाशी बाक, आणि भिंतभर फळ्यांवर पायांचे लाकडी साचे. कुठलाच साचा दुसऱ्याशी जुळायचा नाही. ताई त्यातला कुठलाही न बघता उचलून कुणाचा ते सांगायची.

असं गिऱ्हाईक एका गावात कितीसं असणार? ते लांबून लांबून यायचं, आणि सर्चमध्ये शोधूनच यायचं. रस्त्यावरून जाता जाता कुणी या गल्लीत शिरत नव्हतं. साइट साहेबांनीच करून दिलेली होती आणि तिच्यावर त्यांची डोळ्यात तेल घालून राखण होती. पहिल्या पानावर ताईचं नाव दिसायचं. ते तिथून घसरलं तर वर्कशॉप बंद, इतका सरळ हिशेब होता. ताईला दुसरं काही करायचंही नव्हतं.

तर एका सकाळी साहेबांनी सवयीने ताईच्या साइटकडे येणाऱ्या लिंकांचा तक्ता उघडला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी महिन्याला एखाददुसरी यायची, तिथे एकदम झुंबड उडाली होती. आणि कुठून? एक साइट कबुतरं पाळणाऱ्या माणसाची. एक भरतकाम करणाऱ्या बाईची. एका निवृत्त बसड्रायव्हरची, जुन्या रस्त्यांच्या आठवणी लिहिणाऱ्याची. एक हौशी गाणाऱ्यांच्या मंडळाची. बुटांशी, पायांशी, डॉक्टरांशी कुणाचा काडीचाही संबंध नाही. हे सगळं एक वेळ त्यांनी सोडून दिलं असतं. पण लिंकेचे शब्द वाचले आणि साहेब खुर्चीत ताठ झाले. कबुतरवाला लिहितो, "पाय बरोबर आहे, बूट चुकत होते." भरतकामवाली लिहिते, "पाय बरोबर आहे, बूट चुकत होते." बसड्रायव्हर, गाणारे, खालचे सगळे, तेच वाक्य. शब्द इकडचा तिकडे नाही.

"एकच हात," साहेब पुटपुटले.

त्यांनी कबुतरवाल्याचं पान उघडून बघितलं. पिंजरे, दाणे, पिल्लांचे आजार, असं लांबलचक चाललेलं आणि शेवटी कुठेतरी बुटांचा परिच्छेद. कबुतरांच्या पानावर बुटांचं काय काम? साहेबांनी नाक मुरडून पान बंद केलं. भरतकामाच्या पानावरही तोच प्रकार दिसला. बाकीची उघडण्याची त्यांना गरजच वाटली नाही. हजारो लिंका चाळलेला माणूस तो. पान वाचायचं नसतं, लिंक वाचायची असते, हे त्यांचं तत्त्व होतं.

प्रश्न एवढाच राहिला, की हात कुणाचा.

पहिला संशय दुसऱ्या कुणा बूटवाल्यावर गेला. असे उद्योग चालतात. ज्याला खाली पाडायचंय त्याच्याच नावाने खोट्या लिंका सोडायच्या, म्हणजे शिक्षा त्याला. पण असे बूट बनवणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं. मग साहेबांच्या डोळ्यांपुढे ताईचे यजमान, भावोजी, उभे राहिले, आणि ते काही केल्या हटेनात.

भावोजी नळ आणि बेसिनं विकायचे. माणूस दिलदार, पण प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे "माझा एक माणूस आहे" तयार. रेल्वेचं तिकीट, दाताचा डॉक्टर, शाळेतला प्रवेश, सगळीकडे त्यांचा एक माणूस असायचा, आणि निम्म्या वेळा तो माणूस फोन उचलायचा नाही. "मेहुणे, तुमचं ते सर्चचं काय असतं, त्यातसुद्धा माझा एक माणूस आहे," असं ते मागे एकदा बोललेही होते. साहेबांना ते आता लख्ख आठवलं.

रविवारी दोन्ही कुटुंबं ताईकडे जेवायला जमली. साहेबांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "भावोजी, ताईच्या दुकानासाठी तुम्ही इंटरनेटवर काही केलंय का हो एवढ्यात?"

भावोजींच्या हातातला चमचा वाटीत पडला. त्यांनी आधी ताईकडे बघितलं, मग छताकडे, मग म्हणाले, "मी? छे छे. मला काय कळतंय त्यातलं? या वर्षी उकाडा काय आहे ना!"

उकाडा अजिबात नव्हता. साहेब निघाले तेव्हा भावोजी जिन्यात मागोमाग आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मेहुणे, तिला एवढ्यात बोलू नका. एक छोटंसं काम करून घेतलंय. तिला चकित करायचंय. तुमच्या लक्षात येणार हे मला वाटलंच होतं."

झालं. केकच्या तुकड्याची उलटतपासणी घेणाऱ्या या माणसाने तिथे मात्र "कसलं काम?" एवढं विचारलं नाही. उत्तर आपल्याला माहीतच आहे, अशी त्यांची खात्री होती. खात्री असलेल्या माणसाला कोण समजावणार? घरी जाताना ते बायकोला एवढंच म्हणाले, "या माणसाने ताईला बुडवलं."

सर्च इंजिनला कळवण्याची एक सोय असते. अमुक अमुक साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका आमच्या नावावर धरू नका, आम्ही त्या नाकारतो. हे शेवटचं औषध. उठसूट द्यायचं नसतं, हे साहेब स्वतःच नव्या लोकांना शिकवत. पण इथे बहिणीच्या पोटाचा प्रश्न होता आणि शिक्षा व्हायच्या आत हात झटकायचे होते. त्यांनी कबुतरवाल्यापासून गाणाऱ्यांपर्यंत झाडून सगळ्या साइटी, वाक्य जुळलं तशा काही जुन्याही, नाकारून टाकल्या. ताईला सांगितलं नाही. तिला कशाला उगाच घोर, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिला सांगितलं असतं तर नवऱ्याचं नावही सांगावं लागलं असतं.

पुढच्या काही आठवड्यांत ताईचं नाव सर्चमध्ये घसरायला लागलं. पहिल्या पानाच्या वरून खाली, मग दुसऱ्या पानावर, मग आणखी मागे, जिथे सहसा कुणी फिरकत नाही. आता दुसरा कुणी असता तर त्याला निदान एकदा वाटलं असतं, की आपलंच काही चुकलं का? साहेबांना उलट पुरावा मिळाला. बघा, झाली शिक्षा. भावोजींनी केलेलं पाप बाहेर पडलं आणि आपल्याला जरा उशीर झाला. त्याच वाक्याच्या नव्या लिंका अधूनमधून येतच होत्या. आली की नाकार, आली की नाकार, असा त्यांनी सपाटाच लावला.

ताईचा फोन वाजेनासा झाला. ती बाकावर बसून जुन्याच साच्यांवरची धूळ पुसायची. जागेचा मालक भला माणूस होता, पण त्यालाही पुढच्या वर्षाचा करार करायचा की जागा दुसऱ्याला द्यायची ते ठरवायचं होतं. त्याने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा ताई "सांगते" म्हणाली. वर्कशॉप सोडायचं आणि मोठ्या बुटांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं, असं तिने मनात धरायला सुरुवात केली होती.

"अरे, साइटला काही झालंय का?" तिने भावाला विचारलं.

"मी बघतोय," साहेब म्हणाले.

"एवढं बघण्यासारखं आहे का काही? मला सांग ना."

"सांगीन. आधी मला एकाशी बोलायचंय."

शेवटी सोक्षमोक्ष लावायचाच असं ठरवून साहेबांनी एका दुपारी रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन ते वर्कशॉपवर गेले. ताई आत शिलाईला बसली होती. भावोजी दारातच स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. साहेब स्टुलाला खेटून उभे राहिले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "भावोजी, खरं सांगा. किती साइटना पैसे चारलेत?"

"पैसे? कसले पैसे?" भावोजींनी वरूनच विचारलं.

"जिन्यात म्हणाला होतात. छोटंसं काम करून घेतलंय."

"हां, ते होय!" भावोजी खाली उतरले. चेहरा अगदी चोरी पकडल्यासारखा. "अहो, आमच्या पोहण्याच्या क्लबची साइट आहे ना, तिच्यावर खाली हिच्या दुकानाचं नाव टाकून घेतलं. मी कमिटीवर आहे. स्वतःच्या घरचं नाव घातलं म्हणून अध्यक्ष ओरडतील, ही भीती. म्हणून तर तोंडाला कुलूप. पण प्रत्येक पानावर येतं हं. कुठलंही पान उघडा!"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"कबुतरवाला. बसड्रायव्हर. ती भरतकामवाली. हे सगळे तुमच्या माणसाने उभे केले ना?"

भावोजी आ वासून बघत राहिले. "मेहुणे, तुमची झोप नीट होतेय ना?"

साहेबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तिथेच दारात लॅपटॉप उघडला. क्लबची लिंक होती खरी. प्रत्येक पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. ती त्यांनी पूर्वी पाहिलीही होती आणि निरुपद्रवी, बिनवजनाची म्हणून सोडून दिली होती. भावोजींचा एवढा मोठा गुन्हा सर्च इंजिनच्या खिजगणतीतही नव्हता. तरी साहेबांचा संशय एवढ्यात जागचा हलेना. मग ते वाक्य? एकच हात नाही, तर एकच वाक्य कसं?

तेवढ्यात गल्लीतून एक बाई आली. हातात पत्ता नाही, फोन समोर धरलेला, चालताना एक खांदा किंचित खाली जात होता. बरोबर मोठी पिशवी, पुष्कळ लांबून आलेली दिसत होती. "बुटांचं वर्कशॉप हेच ना?" तिने विचारलं. "सर्चमध्ये तुम्ही कुठे सापडतच नाही हो. ते कबुतरांचं लिहितात ना, त्यांचं मी नेहमी वाचते, आमच्याकडेही आहेत. त्यांच्या पानावर तुमची लिंक होती, ती दाबून आले."

साहेब बाजूला झाले. सर्च इंजिनने त्यांचं ऐकून ती लिंक मोजणं सोडलं होतं. बाईला ते कुणी कळवलेलं नव्हतं. तिने आपलं बोट ठेवलं आणि ती आली.

ताईने तिला बाकावर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली. बाईने एक बूट काढला. दुसरा काढताना तिचा हात थांबला. "माफ करा हं, माझा हा पाय जरा विचित्र आहे. बघायला बरा नाही वाटणार तुम्हाला."

ताईने तो बूट स्वतःच हलक्या हाताने ओढून काढला. पाऊल मांडीवर घेतलं, टाचेखाली तळवा धरला, घोटा इकडे तिकडे वळवून बघितला. घाई नाही. मग वर बघून म्हणाली, "पाय बरोबर आहे. बूट चुकत होते."

बाईने तोंड खिडकीकडे वळवलं आणि पदरासारखा धरलेला रुमाल बराच वेळ डोळ्यांवरून काढला नाही.

दारात चौकशीसाहेब चौकट धरून उभे होते. एवढी वर्षं साइट सांभाळली, पण ताई माप घेताना ते इथे एकदाही बसले नव्हते. आल्या आल्या तिची खुशाली विचारायची, चहा घ्यायचा, निघायचं. आपली बहीण या खोलीत काय बोलते, हे त्या कबुतरवाल्याला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं. त्यांना लाज वाटली, कान तापेपर्यंत लाज वाटली.

मापं देऊन बाई गेली. साहेबांनी विचारलं, "ताई, तू हे सगळ्यांना म्हणतेस?"

"काय?"

"पाय बरोबर आहे, बूट चुकत होते."

"मग काय म्हणू? येणारा प्रत्येक जण आधी पायाची माफी मागतो. माझ्याकडे कशाला मागायची माफी? म्हणून पहिलं तेवढं सांगून टाकते, मग माप घेते." तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "का रे? तुझा चेहरा असा का झालाय?"

साहेबांनी सांगितलं. सगळं, काही न लपवता. लिंका कुणाच्या होत्या, त्यांनी काय धरलं, काय कळवलं आणि त्यानंतर साइट का घसरली. भावोजींवरचा संशयही सांगितला. तो सांगताना भावोजींनी जुना बल्ब कानाशी नेऊन हलवून बघायला सुरुवात केली, जणू आतलं काही ऐकायचं होतं.

"यांच्यावर?" ताई म्हणाली. "अरे, यांना खोटं बोलताना घाम येतो."

"उकाडा होता तो," भावोजी म्हणाले.

"भावोजी, चुकलं माझं," साहेब म्हणाले. "मी तुम्हाला एक शब्द विचारायला हवा होता."

"सोडा हो," भावोजी म्हणाले. थोड्या वेळाने त्यांना राहवलं नाही. "पण ते क्लबवालं, त्याचा काहीच उपयोग नाही?"

"फारसा नाही."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर चढले.

ताईचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. "थांब जरा, मला नीट कळू दे," ती म्हणाली. "ही माणसं आपापल्या ठिकाणी माझ्याबद्दल चांगलं बोलत होती?"

"हो."

"आणि तुला ते माहीत होतं. कधीपासून?"

"काही महिने झाले."

"मला नव्हतं माहीत. मला कुणी सांगितलंच नाही. आणि तू वर कळवलंस, की या माणसांचं बोलणं धरू नका?"

"हो, ताई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, हातातली आरी जागेवर ठेवली, हात पुसले आणि पुन्हा बसली. "काय लिहिलंय त्यांनी?"

साहेबांनी त्यातली बहुतेक पानं उघडलीच नव्हती, हेही मग सांगावं लागलं. "मग आता उघड," ताई म्हणाली. "आणि वाच."

आधी त्यांनी नकार मागे घेतला. ते एका बोटाचं काम होतं. पण सर्च इंजिन पुन्हा त्या सगळ्या साइटींवर हिंडून येईपर्यंत, त्या शिफारशी पुन्हा मोजेपर्यंत किती काळ जाईल, आणि नाव पूर्वीच्या जागी येईल की नाही, याची हमी त्यांना देता येईना. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ताईने नुसती मान हलवली आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

कबुतरवाल्याने लिहिलं होतं, की आयुष्यभर तो सगळ्यांच्या मागून चालत आला, म्हणजे मागे वळून कुणी आपल्या पायाकडे बघायला नको. नवे बूट घातल्यापासून मुलीच्या बरोबरीने चालतो. "डावा पाय," ताई म्हणाली. "टाच आत वळलेली. घोट्यावर पांढरा डाग आहे." तिने न बघता हात मागे नेला आणि फळीवरचा एक साचा काढून मांडीवर ठेवला.

त्याचं वाचून बाकीच्यांनीही आपापलं लिहायला घेतलं होतं. बसड्रायव्हरने अपघाताचं लिहिलं होतं आणि त्यानंतरच्या बाजारातल्या बुटांचं, प्रत्येकाच्या नावाने बोटं मोडत. भरतकामवालीने लिहिलं होतं, की दुकानात सगळे तिच्या पायाकडे बघून एकमेकांकडे बघायचे. इथे बूट बनवणारी बाई खाली बसली, पाय मांडीवर घेतला आणि एक वाक्य म्हणाली. ते वाक्य मी जसंच्या तसं खाली देते, असं तिने लिहिलं होतं. मग ते वाक्य आणि त्याच वाक्यावर लिंक. भावोजी स्टुलावरच बसून ऐकत होते. ताई एकेक साचा काढून बाकावर मांडत गेली आणि बाक भरून गेला.

मग तिने फोन उचलला आणि जागेच्या मालकाला सांगितलं, "मी जागा ठेवतेय." पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं. "कामं नाहीत हो सध्या," ती म्हणाली, "पण माणसं आहेत."

फोन ठेवून ती भावाकडे वळली. "तुझीही साइट आहे ना? तू लिंकांवर लिहितोस, पुष्कळ लोक वाचतात, असं तुझी बायको सांगते."

"आहे."

"तिच्यावर माझ्याबद्दल काही लिहिलंयस कधी?"

साहेबांनी मान खाली घातली. "नाही."

"का रे?"

"बहीण आहेस म्हणून. घरच्या माणसाने दिलेली लिंक बरी दिसत नाही. लोकांना संशय येतो."

"कुठल्या लोकांना?"

साहेबांनी लॅपटॉप पुढे ओढला, स्वतःच्या साइटवर नवं पान उघडलं आणि लिहायला लागले. माझी बहीण बूट बनवते. आज ती माप घेताना मी पहिल्यांदा बघितलं. पुढे थोडं आणखी, जसं सुचेल तसं. मग तिच्या दुकानाच्या नावावर त्यांनी लिंक दिली.

त्यांच्या धंद्यात लिंकेला एक खूण जोडता येते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, ती सर्च इंजिनसाठी असते. पत्ता मी देतोय, पण या माणसाची शिफारस माझी समजू नका, असा तिचा अर्थ. जाहिरातदारांना, अनोळखी पाहुण्यांना ती लावायची पद्धत आहे. साहेब वर्षानुवर्षं बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लिंकेला ती लावत आले होते. त्यांच्या बोटांनी ताईच्या नावापुढेही ती लावून टाकली. मनात काही आलं नव्हतं, नुसती बोटं चालली होती.

ते त्या खुणेकडे बघत बसले. मग त्यांनी एकेक अक्षर करून ती पुसली.

"काय पुसलंस?" ताईने विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले. आणि मग, ती अजून बघतच होती म्हणून, त्यांनी तेही सांगितलं.